आम्ही सगळे ट्रॅक्टर

शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दात कवळीकरच्या हातचे होते. त्याचं खरं आडनाव दुसरंच होतं. पण दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो कवळ्या करायला बसला तेव्हा डॉक्टरांनी गमतीत त्याला कवळीकर म्हटलं, पेशंटांनी ते उचललं, आणि बघता बघता ते दारावरच्या पाटीवरही चढलं. त्याची काही तक्रार नव्हती. त्याआधी त्याला आणखी एक नाव होतं. ते शाळा सुटली तेव्हाच सुटलं होतं, आणि त्याच्या मानाने कवळीकर म्हणजे पदवीच होती.

बोलताना तो अडखळायचा. लहानपणी फार, आता कमी. पण अनोळखी माणसांत, फोनवर आणि घाईत असलेल्या कुणासमोर शब्द घशात दार लावून बसायचा. वेळ दिला की तो सगळं बोलायचा. वेळ द्यायला मात्र कुणाला वेळ नसायचा. लोक मायेने त्याचं वाक्य पुरं करून टाकायचे. म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला जायचंच नव्हतं तो रस्ता ओलांडून द्यावा, तसं.

त्या सकाळी तो एका आजीबाईंच्या खालच्या कवळीला पॉलिश करत होता. मोटरवरचं कापडी चाक फिरत होतं, बोटं ओल्या भुकटीने पांढरी झाली होती. डॉक्टर आत आले. एरवी ते दारातूनच ओरडायचे, "झालं का रे? बोळक्या तोंडाने बसल्यात बाहेर." आज ते आत आले, स्टूल ओढून बसले आणि त्यांनी कवळीकरच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी आजवर कधी ठेवला नव्हता. कवळीकरला वाटलं, कुणीतरी गेलं.

"कसा आहेस?"

"ब-बरा आहे. का?"

"घरी जायचं असेल तर जा. आजीबाई थांबतील. मनात दाबून ठेवू नकोस."

"क-काय?"

डॉक्टरांनी फोन पुढे केला. पडद्यावर एक जुनी पोस्ट होती, तिच्याभोवती कुणीतरी लाल गोल काढला होता. कवळीकरला वाचायची गरज पडली नाही. ती त्याला पाठ होती.

"भाषेच्या तासाला ट्रॅक्टरने कविता म्हटली. पहिली ओळ स्टार्ट व्हायच्या आत घंटा झाली. असल्यांना बोलायला बंदी पाहिजे. धूर नुसता, नांगरणी शून्य."

लिहिणारी त्याच्याच वर्गातली, तेव्हा पंधरा वर्षांची. आता ती त्याच शाळेत उपमुख्याध्यापिका होती आणि पुढच्या महिन्यात मुख्याध्यापिका व्हायची होती. सगळे तिला धाकट्या बाई म्हणत. पोस्ट शोधून काढली होती पालक संघाच्या अध्यक्षाने. त्याचं फरशांचं मोठं दुकान होतं. शाळेच्या नव्या इमारतीला त्याच्या दुकानाची फरशी नको असं धाकट्या बाईंनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, त्याचा आणि ह्याचा काही संबंध नव्हता, असं फरशीवाला न विचारता सगळ्यांना सांगत होता.

तेव्हा, त्या वयात, कवळीकरने ही पोस्ट मावसभावाच्या कॉम्प्युटरवर वाचली होती. मग पोट दुखतंय म्हणून तो तीन-चार दिवस शाळेत गेला नव्हता. लिहिणारीचं नाव खाली होतंच. पण ट्रॅक्टर हा शब्द तिचा नव्हता. तो शब्द सातवीत जन्मला होता. कवळीकर उभा राहून धडा वाचत होता, 'टेकडीवर' ह्या शब्दाशी ट-ट-ट करत अडला होता, आणि मागच्या बाकावरचा एक जण खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, "अरे, ट्रॅक्टर आला." अख्खा वर्ग खिडकीकडे धावला होता. बाहेर काहीच नव्हतं. ते कळल्यावर जे हसू फुटलं ते शाळा संपेपर्यंत थांबलं नाही.

तो मागच्या बाकावरचा मुलगा म्हणजे फरशीवाला. पण तो बोलला होता, लिहिलं नव्हतं.

दुपारी फरशीवाला स्वतः आला. बरोबर फोन धरून चित्रण करणारा एक पोरगेला नोकर. फरशीवाल्याने कवळीकरला मिठी मारली. ओली भुकटी त्याच्या शर्टाला लागली, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही.

"मित्रा, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. संघ, शहर, सगळे."

"अरे प-पण, हे न-नाव..."

"नावं ठेवली तिने तुला. सगळं माहीत आहे."

"ठ-ठेवलं..."

"एक नाही, किती ठेवली असतील कुणास ठाऊक. समोर आलं ते एवढंच." फरशीवाल्याने नोकराला जवळून घ्यायची खूण केली. "काय वाटलं तुला? मोकळेपणी बोल."

कवळीकरला म्हणायचं होतं, मला ह्या सगळ्यात रस नाही. "म-मला र-र..."

"राग. येणारच राग. माणूस आहेस."

"न-नाही, तू त-त..."

"तुटून गेलास." फरशीवाल्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. "बघा, बोलताही येत नाही त्याला. तुटून गेलाय."

कवळीकरने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. रोज दुसऱ्यांच्या जबड्यांत बघायची सवय असल्यामुळे खोटं हसू आणि खरं हसू त्याला ओळखू यायचं. इथे खोटं काहीच नव्हतं. फरशीवाला खरंच विसरला होता. फटका मारणारा हात विसरतो. लक्षात ठेवायचं काम गालाकडे असतं.

संध्याकाळपर्यंत पालक संघाच्या पानावर मजकूर आला: पीडिताची भेट घेतली, तो आतून तुटलाय, त्याला त्या बाईचा अनावर राग आहे. खाली लोकांनी आपापली सभ्यता मांडली होती. एकाने बाईंना अशी शिवी घातली होती की तिच्यापुढे 'धूर नुसता' म्हणजे प्रार्थना वाटावी. दुसऱ्याने लिहिलं होतं, अशा बाईचे दात पाडले पाहिजेत, म्हणजे त्यालाही काम मिळेल.

घरी आई दारातच उभी होती. बातमी तिला शेजारणीने दिली होती, तीही अगदी हळुवारपणे, म्हणजे जिन्यातून सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"तुला ट्रॅक्टर म्हणायचे?"

"ह-हो."

"आणि तू मला पोट दुखतंय म्हणून सांगितलंस."

"हो."

"मी तुला जुलाबाचं औषध पाजलं." आई खुर्चीत बसली. "दोन दिवस पाजलं. पोर सोसतंय काय आणि मी पाजतेय काय."

त्याला ह्याचीच भीती होती. ती पोस्ट त्याने आयुष्यातून कधीच बाहेर टाकली होती. आईला मात्र कळू नये म्हणून जपून ठेवली होती. आता आई रात्रीच्या जेवणाला फक्त पाणी प्यायली, आणि त्या जुन्या औषधाच्या बाटलीचा रंग कसा होता तेच परत परत आठवत राहिली.

त्याची बायको ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असायची. तिला एका गिऱ्हाइकाने कोट घेता घेता सांगितलं होतं. ती आली तीच धुमसत. "दुकानात सगळ्यांना माहीत, मला नाही. लग्नाच्या बायकोला कोट न्यायला आलेल्या माणसाने सांगायचं?"

मग तो बसला आणि त्याने दोघींना सगळं सांगितलं. बायको वाक्य कधी पुरं करत नसे; तो बोलेपर्यंत ती भांडी विसळायची, कपडे घड्या करायची, आणि शब्द आला की पुढचा प्रश्न टाकायची. तेवढ्या घड्या करण्यात अर्धं कपाट लागलं. फरशीवाल्याचं नाव आलं तेव्हा तिने हातातली चादर खाली ठेवली.

"म्हणजे चोरच पाटी घेऊन मोर्च्याच्या पुढे चाललाय."

"त-त्याला आठवतच नाही."

"मग आठवण करून दे. शनिवारी शाळेत सभा आहे ना, तिथे तुला बोलायला लावणारच आहेत. एक वाक्य बोल. नाव तिने नाही, ह्याने ठेवलं. खाली बस."

"आणि त्या पोरीचं काय?" आई म्हणाली. "तिने लिहिलं ते लिहिलंच ना?"

"लिहिलंच," बायको म्हणाली. "पण ज्याने टाळी वाजवली त्याने आता न्यायाधीश व्हायचं का?"

तो ते वाक्य घोकू लागला. हे नाव फरशीवाल्याने ठेवलं. 'फ' त्याच्या सगळ्यात अवघड अक्षरांपैकी एक. ओठ मिटले की सुटायचेच नाहीत. पण घरच्या आरशासमोर जमत होतं.

रस्त्यात मात्र चमत्कार सुरू झाले होते. ज्या नावाने त्याला सोळा वर्षांत कुणी हाक मारली नव्हती त्याच नावाने अख्खं शहर आदराने बोलू लागलं. बँकेतला शिपाई म्हणाला, "ते ट्रॅक्टर म्हणजे तुम्हीच ना साहेब? बसा, बसा." पावाच्या दुकानातली काकू म्हणाली, ट्रॅक्टरदादांना रांग नको. तो शाळेत होता तेव्हा जी जन्मलीही नव्हती अशी चिल्लीपिल्ली शाळेच्या बसमधून प्रेमाने ओरडली, ट्रॅक्टरकाका. शनिवारच्या सभेसाठी फरशीवाल्याने पांढरे टी-शर्ट छापून घेतले. छातीवर लाल ट्रॅक्टर, खाली ओळ: आम्ही सगळे ट्रॅक्टर. पाठीवर बारीक अक्षरांत दुकानाचा पत्ता.

सभेला शाळेचं सभागृह भरलं होतं. जिकडे बघावं तिकडे ट्रॅक्टर. व्यासपीठावर मधोमध कवळीकरची खुर्ची, हाराशिवाय सत्कारमूर्ती. एका कडेला धाकट्या बाई, केस घट्ट बांधलेले, हातात शाळेच्या वकिलाने लिहून दिलेला कागद. त्यांच्या शेजारी गणिताचे सर, दोन वर्षांनी निवृत्त होणारे, दुसरं कुणीच नाही म्हणून बसवलेले.

धाकट्या बाईंनी वाचायला सुरुवात केली. "माझ्या किशोरवयातील विधानामुळे ज्या कुणाच्या भावना अनवधानाने दुखावल्या गेल्या असतील..." तिथे त्या थांबल्या. कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "अनवधान वगैरे नव्हतं. मी लिहिलं होतं. पंधरा वर्षांची होते, पण मीच होते."

ह्यावर सभागृह शांत व्हायला हवं होतं. उलट भडकलं. अनवधान असतं तर माफ करता आलं असतं, असा सूर निघाला. तिसऱ्या रांगेतली एक आई उठली. "पंधराव्या वर्षी अक्कल नसते का? चांगलं कळतं वय असतं ते." हिच्याच पंधरा वर्षांच्या मुलाने गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीचा फोटो कापून, चिकटवून, त्याखाली जे लिहायला नको ते लिहून शंभर जणांना पाठवलं होतं. तेव्हा ही आई ह्याच धाकट्या बाईंच्या टेबलासमोर रडली होती, लेकरू आहे हो, समज कुठे असते एवढ्या वयात. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मुलाचं नाव त्यांच्या ओठांवर आलं असेल. त्यांनी ते बाहेर येऊ दिलं नाही.

मग फरशीवाल्याने माइक कवळीकरच्या हातात दिला. टाळ्या पडल्या. बायको आणि आई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, टी-शर्टाशिवाय.

"म-मला ए-एवढंच स-सां..."

"सांत्वन नको, न्याय हवाय," पुढून कुणीतरी म्हणालं. टाळ्या.

कवळीकरने मान हलवली. श्वास घेतला. "हे न-नाव..."

"नावं ठेवली," चार-पाच जण एकदम.

"ठ-ठेवलं..."

"ठेवून घेतलं सगळं मनात. इतकी वर्षं." एक बाई रुमाल शोधू लागली.

"फ-फ-फ..."

आता अख्खं सभागृह मदतीला धावलं. शब्दकोड्याचा कार्यक्रम असावा तसं. "फसवणूक," डावीकडून आलं. "फरक पडला आयुष्यात," उजवीकडून. मागून एक खडा आवाज आला, "फाशी."

"फाशी फार होईल," पहिल्या रांगेतला एक समंजस गृहस्थ मागे वळून म्हणाला. "नुसतं काढून टाका."

"ऐकलंत?" फरशीवाल्याने हलकेच माइक काढून घेतला. "एवढं सोसून तो म्हणतो फाशी नको. ह्याला म्हणतात मोठं मन. त्याला आणखी त्रास देऊ नका. त्याच्या भावना आपल्यापर्यंत पोचल्या."

दुसऱ्या रांगेत आई उठून उभी राहिली होती आणि काहीतरी ओरडत होती. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं, माउलीला भरून आलंय.

ठराव हात वर करून झाला. धाकट्या बाईंना वर्गावर शिकवता येईल, मुख्याध्यापिका होता येणार नाही. त्या जागी गणिताचे सर. सरांनी तीस वर्षं पोरांना बैल, म्हैस आणि भोपळा ह्या तीनच नावांनी हाक मारली होती आणि लाकडी पट्टीने समीकरणं शिकवली होती. पण इंटरनेटवर त्यांचा एक शब्द सापडत नव्हता. सरांच्या पंधराव्या वर्षी लिहायला फक्त मुतारीची भिंत होती, आणि तिला दर सुट्टीत चुना लागायचा.

सभेनंतरच्या आठवड्यात एका दुपारी धाकट्या बाई कवळीकरच्या खोलीत आल्या. डॉक्टर जेवायला गेले होते. फळीवर प्लास्टरचे साचे ओळीने सुकत होते, प्रत्येकाखाली पेशंटचं नाव. त्या स्टुलावर बसल्या.

"बोलू का?"

त्याने मान डोलावली.

"मी ते गंमत म्हणून नव्हतं लिहिलं. तुला लागावं म्हणूनच लिहिलं. त्या दिवशी कविता मलाही आली नव्हती. तुझ्यानंतर माझा नंबर होता. तू अडखळलास, घंटा झाली, मी सुटले. घरी जाऊन तुझे आभार मानायचे तर हे लिहिलं. माफी मागते. सभेत वाचायला घेतली ती त्यांची होती. ही तुझी. उत्तर नाही दिलंस तरी चालेल."

उत्तर द्यायला त्याला वेळ लागला. तेवढ्या वेळात तिने फोन पाहिला नाही, साचे पाहिले नाहीत, मान हलवून उत्तेजन दिलं नाही. मधे एकदा शब्द तिच्या तोंडाशी आलेला त्याला दिसला. तिने तो दाताखाली दाबून धरला. तिलाही मोह होतच होता, हे बघून त्याला बरं वाटलं.

"व-वाईट लिहिलं होतंस," तो म्हणाला. "म-मला फार लागलं होतं. प-पण तेव्हा ते वर्गाने व-वाचलं. आता ग-गाव वाचतंय. आईने व-वाचलं."

"हो."

"न-नाव मात्र तुझं नव्हतं. त-ते त्याचं होतं."

"माहीत आहे. सातवीत मी त्याच्याच बाकावर बसायचे. मीही धावले होते खिडकीकडे."

"म-मग सभेत बोलली का न-नाहीस?"

"म्हणाले असते, बघा, दुसऱ्यावर ढकलते. आणि तो दोषी ठरला म्हणून माझं लिहिलेलं काही धुतलं गेलं नसतं." ती किंचित हसली. "पोस्टखाली हसून लोळणाऱ्यांची नावं होती. पोस्ट काढून टाकण्याआधी मी ती वाचली. त्यातले निम्मे परवा टी-शर्ट घालून बसले होते. तो स्वतःही आहे त्यात. पोस्टचा फोटो काढताना त्याने तेवढाच भाग कापलाय."

म्हणजे विसरला होता ते सातवीतलं. हे मात्र त्याला दिसलं होतं. कवळीकरने हातातली मेणाची पट्टी खाली ठेवली. जबड्यांचं ज्ञान माणसांच्या बाबतीत चालत नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

"मला ते पद मिळायला हवं होतं असं वाटतं तुला?" तिने जाता जाता विचारलं.

"म-माहीत नाही. म-मला कुणी वि-विचारलंच नाही."

फरशीवाल्याचा दात तुटला तो अगदी साध्या कारणाने. दुकानात गिऱ्हाइकाला वरच्या फळीवरचा नमुना दाखवताना फरशी निसटली आणि कोपरा तोंडावर आला. समोरचा वरचा दात अर्धा उडाला. दवाखान्यात तो तोंडावर रुमाल धरून आला आणि बोलत राहिला. संघाच्या नव्या मोहिमेबद्दल, गणिताच्या सरांच्या शिस्तीबद्दल. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत आडवं केलं, दात घासून नीट केला, आणि मापासाठी गुलाबी लगद्याने भरलेला साचा त्याच्या वरच्या जबड्यात दाबून बसवला.

"आता हलायचं नाही. बोलायचं नाही. नाकाने श्वास. घट्ट व्हायला जरा वेळ लागेल." आणि त्यांनी मागे हाक मारली, "कवळीकर, रंग बघून घे रे. समोरचा दात आहे, जुळला पाहिजे."

कवळीकर रंगांची पट्टी घेऊन आला. खालच्या दातांना लावून त्याने रंग ठरवला. मग स्टूल जवळ ओढून बसला.

"त-तुला एक सांगायचंय."

"अं," फरशीवाला म्हणाला.

"आपण स-सातवीत होतो. म-मी धडा वाचत होतो. ट-टेकडीवर शब्द अ-अडला. तू ख-खिडकीत बघून म्हणालास, अरे, ट-ट्रॅक्टर आला."

फरशीवाल्याच्या भुवया कपाळावर गेल्या. "अं अं अं."

"ब-बोलू नको. म-माप बिघडेल."

डॉक्टर हातमोजा काढता काढता तसेच थांबले. तो अडला की शब्द पुरवायची त्यांना जुनी सवय. तोंड उघडलंही होतं. ह्या वेळी कसला शब्द पुरवायचा ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तोंड मिटलं.

"न-नाव तू ठेवलंस. ति-तिने फक्त लिहिलं. ख-खाली तू हसलास. त-तेवढं कापून तू ते सगळ्यांना द-दाखवलंस." तो थांबला. ओठ मिटले, सुटले, परत मिटले. खोलीत कुणीही मदत केली नाही. "स-सभेत मी फ-फ म्हणत होतो, तो फ-फरशीवाला. फ-फाशी नव्हे."

आयुष्यात पहिल्यांदा तो फरशीवाल्यासमोर वाक्यं शेवटापर्यंत बोलला होता. ती फार चांगली जमली असंही नाही. पण पूर्ण होती, आणि त्याची होती.

साचा निघाला. फरशीवाल्याने चूळ भरली, मग आणखी एक भरली. तोंड पुसता पुसता तो म्हणाला, "अरे, मला आठवतच नाही."

कवळीकरने साचा नळाखाली धरला.

"आणि म्हटलं असेन समजा. लहान होतो रे आपण. पोरवय ते. तेवढं काय मनावर घेतोस?"

"त-ती... ती प-पण..."

"तीस वर्षं नाही झाली रे," फरशीवाला कोट चढवत म्हणाला, "पण वीस तरी झाली असतील. जाऊ दे. दात कधी मिळेल?"

दात गुरुवारी मिळाला. करताना कवळीकरला एकदा वाटलं, रंग एक छटा पिवळा टाकावा. मग वाटलं, हा माणूस दिवसभर तोंड उघडं ठेवून फिरतो, शहराला दिसणार ते माझं काम. त्याने दात असा जुळवला की फरशीवाल्याच्या बायकोलाही ओळखता आला नाही.

घरी बायकोने फोन हातात घेऊन सगळं लिहून काढलं होतं; सातवी, खिडकी, कापलेला फोटो, लहान होतो रे. तिला लिहायला आवडायचं आणि ते झकास उतरलं होतं. "पाठवते आता. पीडिताची पत्नी म्हणून."

"न-नको."

"का? त्याचं भय वाटतं?"

"प-परत सगळे ट-ट्रॅक्टर वाचतील. म-मग त्याच्यासाठी कु-कुणीतरी रडेल. म-मग सभा."

तिने बराच वेळ त्याच्याकडे बघून ते पुसलं. मनाविरुद्ध पुसलं, हे पुढचे दोन दिवस भांड्यांच्या आवाजावरून कळत होतं. आईने मात्र काही लिहिलं नाही, काही पुसलंही नाही. ती पावाच्या दुकानात गेली, रांगेत उभी राहिली, आणि पुढच्या बाईला सहज सांगितलं. मग मागच्या बाईला. त्यानंतर दवाखान्यात गुडघ्यासाठी, बँकेत सहीसाठी आणि नसलेल्या पत्राच्या चौकशीसाठी पोस्टातही जाऊन आली. फरशीवाला चिडून घरी आला आणि विचारू लागला, माझ्याबद्दल कोण काय बोलतंय, पुरावा दाखवा, तेव्हा आईने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "बोललेलं कुठे सापडतं रे बाबा. तुझंच बघ ना."

त्याने फरशीवाल्याचं काही बिघडलं असं नाही. पुढच्या निवडणुकीत तो परत अध्यक्ष झाला. उरलेले टी-शर्ट त्याने दुकानात फरशा पुसायला दिले. फक्त तो हल्ली रांगेत उभा राहिला की बायका बोलायच्या थांबतात, आणि त्यांचं वाक्य पुरं करायचं धाडस त्याला होत नाही.

धाकट्या बाई वर्षभर त्याच शाळेत शिकवत राहिल्या. मग शेजारच्या गावातल्या एका लहान शाळेने त्यांना मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं. मुलाखतीत त्यांनी स्वतःच ती पोस्ट वाचून दाखवली म्हणतात. जायच्या आधी त्या दवाखान्यात अक्कलदाढ काढायला आल्या होत्या. कवळीकर दारात आला, दोघं जुजबी काही बोलले, गाल सुजल्यामुळे तीही त्या दिवशी अडखळत होती. त्याने तिचं वाक्य पुरं केलं नाही.

ती गेल्यावर डॉक्टर मागच्या खोलीत आले. "एक विचारू? तू तिला माफ केलंस?"

कवळीकरने मोटर बंद केली. "अ-अ..."

"अर्थातच," डॉक्टर म्हणायला लागले होते, ते अर्ध्यावर थांबले आणि स्टुलावर बसले. बाहेर पेशंट खोकत होते. डॉक्टर बसून राहिले.

"अ-अजून ठ-ठरवतोय," कवळीकर म्हणाला, आणि त्याने मोटर चालू केली.